‘पृ. ४५ पाहा’ : पुस्तिकेत आणि प्रबंधात क्लिक होणारे संदर्भ कसे घालायचे

‘पृ. ४५ पाहा’ असं छापलेलं असतं आणि ४५व्या पानावर भलतंच काही निघतं. कारण साधं असतं. मजकूर जुळवून झाल्यावर कुणीतरी शुभेच्छांची दोन पानं पुढे घातलेली असतात आणि हातानं टाईप केलेले आकडे होते तिथेच राहिलेले असतात.

बडोद्यात मराठी मजकुराचं बरंचसं काम आजही घरच्या संगणकावर होतं. मंडळाची स्मरणिका, एखाद्या घराण्याचा कुळवृत्तांत, महाराजा सयाजीराव विद्यापीठातला प्रबंध, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा अंक. आणि हे सगळं छापखान्यात जाण्याआधी व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन फिरतं. म्हणजे संदर्भाला आता दोन कामं करावी लागतात : छापील पानावर आकडा बरोबर हवा, आणि मोबाइलवर त्या आकड्यावर बोट ठेवलं की ते पान उघडायला हवं. दोन्ही कामं एकाच युक्तीनं होतात. आकडा आपण टाईप करायचा नाही. कुठल्या जागेकडे बोट दाखवायचं आहे एवढंच सॉफ्टवेअरला सांगायचं, आकडा त्यानं काढायचा.

एक नमुना डोळ्यासमोर ठेवू. बडोद्याच्या जुन्या वास्तूंवर पुस्तिका करायची आहे. तांबेकर वाडा, लक्ष्मी विलास राजवाडा, न्यायमंदिर, मध्यवर्ती ग्रंथालय, कीर्ती मंदिर अशी प्रकरणं. पुष्कळ छायाचित्रं. शेवटी वास्तू, साल आणि रचनाकार यांचा एक तक्ता. लक्ष्मी विलासचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले, पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी केलं आणि १८९०च्या सुमारास राजवाडा पुरा झाला. म्हणजे मँट आणि चिझम ही नावं प्रकरणात येणार, तक्त्यात येणार, छायाचित्राखाली येणार. १८७५ ते १९३९ गादीवर असलेले सयाजीराव तर पानोपानी येणार. अशा पुस्तिकेत वाचकाला इकडून तिकडे पाठवणं टळत नाही.

सॉफ्टवेअर लिबरऑफिस रायटर धरतो. ते फुकट आहे, युनिकोड देवनागरी नीट दाखवतं आणि या कामाला पुरून उरतं. वर्ड, इनडिझाइन आणि लेटेक वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

पाया : युनिकोड आणि स्टाइल

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, नसेल तर इथेच थांबा. जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमध्ये टाईप केलेलं शीर्षक पानावर देवनागरी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. पीडीएफच्या डाव्या पट्टीत शीर्षकांची यादी येते तेव्हा तो फाँट तिथे लागू होत नाही आणि ‘तांबेकर वाडा’च्या जागी अगम्य खिचडी दिसते. शोधूनही काही सापडत नाही. आधी कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणा, एकदा डोळ्यांखालून घाला (रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात), मग पुढे चला.

मग ‘टूल्स’ → ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला टिक करून मराठी निवडा. देवनागरीचा फाँट आणि आकार त्यानंतर स्टाइलमध्ये वेगळा ठरवता येतो.

आता शीर्षकं. पुष्कळ जण शीर्षक निवडतात, आकार २० करतात, ठळक करतात आणि पुढे जातात. दिसायला ते शीर्षकच असतं, पण रायटरच्या लेखी तो एक जाडजूड परिच्छेद. शीर्षकात कर्सर ठेवून कंट्रोल आणि १ दाबा, म्हणजे ‘हेडिंग १’ ही स्टाइल (दिसण्याचा ठरवून ठेवलेला साचा) लागते. उपशीर्षकाला कंट्रोल आणि २. दिसणं आवडलं नाही तर एफ११ दाबून स्टाइलच बदला, शीर्षक हातानं सजवू नका. सगळी शीर्षकं झाली की एफ५ दाबून नॅव्हिगेटर उघडा. तिथे सगळी प्रकरणं ओळीनं दिसली तर पाया पक्का.

प्रकरणांना क्रमांक द्यायचे तर ‘टूल्स’ → ‘हेडिंग नंबरिंग’. जुन्या आवृत्तीत याचंच नाव ‘चॅप्टर नंबरिंग’ आहे. लेव्हल १ला अंकांचा प्रकार निवडा. आकड्याच्या आधीची चौकट, ‘बिफोर’, रिकामीच ठेवा. तिथे ‘प्रकरण’ असा शब्द टाकायचा मोह होतो, पण मग तो शब्द आकड्याला चिकटून संदर्भातही येतो आणि वाक्यात अडचण करतो. ती अडचण कसली ते पुढे येईलच.

शीर्षकाकडे नेणारा संदर्भ

हा सगळ्यात सोपा. वाक्यात जिथे आकडा हवा तिथे कर्सर ठेवा. ‘इन्सर्ट’ → ‘क्रॉस-रेफरन्स’. उघडलेल्या खिडकीत तीन गोष्टी ठरवायच्या असतात. डावीकडे ‘टाइप’मध्ये ‘हेडिंग्ज’ निवडा. शेजारच्या यादीत सगळी शीर्षकं येतील, त्यातलं ‘तांबेकर वाडा’ निवडा. तिसऱ्या यादीत काय दाखवायचं ते सांगा : ‘नंबर’ म्हटलंत तर प्रकरणाचा क्रमांक, ‘रेफरन्स्ड टेक्स्ट’ म्हटलंत तर शीर्षकाचे शब्द, ‘पेज’ म्हटलंत तर पानाचा आकडा. ‘इन्सर्ट’ दाबा. खिडकी उघडीच राहते. मजकुरात दुसरीकडे क्लिक करून पुढचा संदर्भ लगेच घालता येतो, दर वेळी मेन्यूपाशी जाण्याची गरज नाही.

पानाच्या आकड्याचे दोन पर्याय असतात आणि मराठीत हा फरक महत्त्वाचा आहे. साधा ‘पेज’ पर्याय ४५ हे इंग्रजी अंकांत (45) दाखवतो. ‘ॲज पेज स्टाइल’, नव्या आवृत्तीत ‘स्टाइल्ड’, हा पर्याय पानाच्या तळाशी जे अंक आहेत तेच वापरतो. तळाशी देवनागरी आकडे हवे असतील तर ‘फॉरमॅट’ → ‘पेज स्टाइल’मध्ये पानांच्या क्रमांकासाठी १, २, ३ निवडा आणि संदर्भात नेहमी दुसरा पर्याय घ्या. नाहीतर पान देवनागरीत आणि संदर्भ इंग्रजी अंकांत, असा दुहेरी कारभार होतो.

छायाचित्रं आणि तक्ते

‘टाइप’च्या यादीत सुरुवातीला छायाचित्रांचं नावही नसतं. लोक इथे गोंधळतात. आधी छायाचित्राला रायटरच्या पद्धतीनं मथळा द्यावा लागतो, मगच तो प्रकार यादीत उगवतो.

छायाचित्रावर राइट क्लिक, ‘इन्सर्ट कॅप्शन’. ‘कॅटेगरी’त ‘फिगर’, ‘टेबल’ असे तयार शब्द असतात, पण त्या चौकटीत स्वतःचा शब्द टाईप करता येतो. तिथे ‘छायाचित्र’ लिहा. वरच्या चौकटीत मथळा : ‘तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं’. ओके केलं की खाली ‘छायाचित्र’, आकडा आणि मथळा उमटतो. तक्त्यासाठी तसंच ‘तक्ता’, नकाशासाठी ‘नकाशा’. प्रत्येकाचे क्रमांक स्वतंत्र चालतात. शब्द एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच ठेवा. एकदा ‘छायाचित्र’ आणि एकदा ‘चित्र’ लिहिलंत तर रायटर त्या दोन वेगळ्या मालिका समजतो आणि दोन्हीकडे क्रमांक एक येतो.

यानंतर क्रॉस-रेफरन्सच्या खिडकीत ‘छायाचित्र’ हा प्रकार दिसू लागेल. पुढची कृती शीर्षकासारखीच. मध्येच एखादं छायाचित्र काढून टाकलं किंवा कीर्ती मंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांचं पान पुढे आणलं, तरी सगळे क्रमांक आपोआप सरकतात.

शब्द आपला, आकडा यंत्राचा

तिसऱ्या यादीत ‘कॅटेगरी अँड नंबर’ असा पर्याय असतो. तो निवडला की ‘छायाचित्र ७’ असं अख्खं उमटतं. इंग्रजी मजकूर करणारे डोळे मिटून हाच निवडतात. मराठीत मात्र जपून.

‘छायाचित्र ७ पाहा’ इथपर्यंत ठीक चालतं. पण आपलं वाक्य तिथेच थांबत नाही. ‘छायाचित्रे ७ आणि ८ यांत फरक दिसतो’ असं लिहायचं असेल तर यंत्र ‘छायाचित्र ७ आणि छायाचित्र ८’ एवढंच देतं. ‘तक्त्यातील क्रमांक’ म्हणायचं असेल तर यंत्राकडे ‘तक्ता’ आहे, ‘तक्त्या’ नाही. सामान्यरूप त्याला ठाऊक नाही, अनेकवचन ठाऊक नाही. ‘प्रकरणात’, ‘प्रकरणाच्या’, ‘प्रकरणांमध्ये’ ही रूपं त्याच्याकडून कधीच येणार नाहीत. मग लोक काय करतात? यंत्राला सोपं जावं म्हणून वाक्य वाकडं करतात. ‘प्रकरण ३ यामध्ये’, ‘तक्ता १ याच्यात’. असली वाक्यं प्रबंधांतून ढिगानं सापडतात.

म्हणून माझी शिफारस अशी : शब्द हातानं लिहा, यंत्राकडून फक्त ‘नंबरिंग’ घ्या. ‘छायाचित्र क्र.’ टाईप करा, आकड्याचा संदर्भ घाला, आणि प्रत्यय आकड्याला जोडून पुढे लिहा : ‘छायाचित्र क्र. ७मध्ये’, ‘तक्ता क्र. १वरून’, ‘प्रकरण क्र. ३च्या शेवटी’. ‘क्र.’ मध्ये आला की मागच्या शब्दाचं सामान्यरूप करण्याची निकड उरत नाही आणि वाक्य कानाला खटकत नाही. ‘क्र.’ आणि आकडा यांच्यामध्ये साधी स्पेस न देता कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा. त्यामुळे ओळ तुटताना ‘क्र.’ वर आणि ‘७’ खाली असं होत नाही.

या पद्धतीत एक तोटा आहे, तोही सांगतो. क्लिक होणारी जागा फक्त आकड्याएवढीच उरते, आणि मोबाइलवर एका ‘७’वर अंगठा नेमका टेकवणं वयस्कर वाचकाला जड जातं. यावर उपाय म्हणजे शेजारी कंसात पानाचाही संदर्भ द्यायचा : ‘छायाचित्र क्र. ७ (पृ. ४५)’. दोन्ही आकडे क्लिक होतात, आणि ज्याच्या हातात छापील प्रत आहे त्याला पान उलटायला आकडा मिळतो. जिथे वाक्य खरोखर ‘छायाचित्र ७ पाहा’ एवढंच आहे तिथे ‘कॅटेगरी अँड नंबर’ खुशाल वापरा.

‘तिसऱ्या प्रकरणात’ असं लिहायची सवय असेल तर पुस्तिकेपुरती ती सोडा. ‘तिसऱ्या’ हे क्रमवाचक रूप यंत्र बनवत नाही, आणि उद्या नवं प्रकरण मध्ये घुसलं की ‘तिसऱ्या’ चुकीचं ठरेल.

कुळवृत्तांतासारखी कामं

कुळवृत्तांतात संदर्भ शीर्षकाकडे जात नाहीत, माणसांच्या नोंदींकडे जातात. बडोद्यात गायकवाडीच्या काळात येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांचे वृत्तांत पाहिलेत तर एकाच नावाची तीन-तीन माणसं, आणि प्रत्येकापुढे नोंदीचा क्रमांक. नोंदी रायटरच्या स्वयंचलित क्रमांकांनी केल्या असतील तर ‘टाइप’मध्ये ‘नंबर्ड पॅराग्राफ्स’ निवडा. सगळ्या नोंदी यादीत येतात, त्यातली हवी ती निवडून ‘नंबर’ घ्या. मागाहून एखादी शाखा सापडली आणि चाळीस नोंदी मध्येच घालाव्या लागल्या, तरी पुढचे सगळे ‘पाहा क्र.’ स्वतः सुधारतात. हातानं आकडे लिहिले असते तर ते काम कुणी अंगावर घेतलं नसतं.

शीर्षक नाही, मथळा नाही, क्रमांकही नाही, अशा एखाद्या वाक्याकडे न्यायचं असेल तर ते वाक्य निवडा. त्याच खिडकीत ‘सेट रेफरन्स’ घ्या, नाव द्या (‘मँट-मृत्यू’ असं ओळखू येईल असं), ‘इन्सर्ट’ करा. मग दुसरीकडून ‘इन्सर्ट रेफरन्स’मध्ये ते नाव निवडा.

हायपरलिंक वेगळी, संदर्भ वेगळा

कंट्रोल आणि के दाबून हायपरलिंकही घालता येते, आणि ‘डॉक्युमेंट’ या भागात शीर्षकांची यादीही मिळते. काही ठिकाणी तीच सोयीची. ‘ग्रंथालयाची हकीकत पुढे येते’ या वाक्यात आकडा नकोच आहे, शब्दच क्लिक व्हायला हवेत. पण एक फरक लक्षात घ्या. क्रॉस-रेफरन्स घातला की रायटर त्या शीर्षकापाशी एक अदृश्य खूण ठेवतो, त्यामुळे शीर्षकाचे शब्द बदलले तरी संदर्भ टिकतो. हायपरलिंक मात्र शीर्षकाच्या शब्दांवरच उभी असते. ‘मध्यवर्ती ग्रंथालय’चं ‘बोर्डन आणि मध्यवर्ती ग्रंथालय’ केलंत की ती मुकाट्यानं मरते. तेव्हा शीर्षकापाशी ‘इन्सर्ट’ → ‘बुकमार्क’ करून नाव द्या आणि हायपरलिंक त्या बुकमार्कला जोडा.

रंग

संदर्भ क्लिक होतो, पण वाचकाला ते कळणार कसं? रायटरमध्ये पडद्यावर संदर्भामागे राखाडी छटा दिसते, पण ती पीडीएफमध्ये उतरत नाही. आजूबाजूच्या मजकुरात तो आकडा मिसळून जातो. एफ११च्या पट्टीत अक्षरांच्या स्टाइलचा भाग उघडा, ‘संदर्भ’ नावाची नवी स्टाइल करा, गडद निळा रंग द्या आणि प्रत्येक संदर्भ निवडून ती लावा. अधोरेखन टाळा, देवनागरीत ते खालच्या उकारांना भिडतं. रंग थेट न लावता स्टाइलनं लावण्याचा फायदा छापखान्याच्या वेळी कळतो : स्टाइलचा रंग एकदा काळा केला की सगळी पुस्तिका काळी.

एफ९, आणि बिघडलेले संदर्भ

पानं सरकली की पानांचे आकडे लगेच बदलतीलच असं धरून चालू नका. पीडीएफ करण्याआधी ‘टूल्स’ → ‘अपडेट’ → ‘अपडेट ऑल’. नुसत्या संदर्भांसाठी एफ९ पुरतं. अनुक्रमणिका मात्र एफ९नं ताजी होत नाही, ती ‘अपडेट ऑल’नं होते.

ज्या छायाचित्राकडे संदर्भ जात होता ते मथळ्यासकट उडवलं असेल, तर आकड्याच्या जागी ‘एरर : रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असं इंग्रजीत उमटतं. ही ओळ छापून आलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. अपडेट केल्यावर कंट्रोल आणि एफनं ‘एरर’ शब्द शोधून टाकायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि मूळ फाइल शेवटपर्यंत रायटरच्या स्वतःच्या ओडीटी स्वरूपातच ठेवा. कुणाला वर्डमध्ये हवी असेल तर प्रत काढून द्या, पण तिकडून परत आलेल्या प्रतीवर पुढचं काम करू नका. या ये-जा करण्यात संदर्भ निखळतात.

वर्ड, इनडिझाइन, लेटेक

वर्डमध्ये ‘रेफरन्सेस’ टॅबवर ‘इन्सर्ट कॅप्शन’ आणि ‘क्रॉस-रेफरन्स’ शेजारीच आहेत. मराठी मथळ्यासाठी ‘न्यू लेबल’. ‘इन्सर्ट ॲज हायपरलिंक’वर टिक असू द्या. ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ पर्याय सामान्यरूपाच्या त्याच अडचणीत नेतो, तेव्हा फक्त आकडा हवा असेल तर मथळ्यातला आकडा निवडून त्याला बुकमार्क द्या आणि संदर्भ बुकमार्ककडे न्या. अपडेटसाठी कंट्रोल आणि ए, मग एफ९.

इनडिझाइनमध्ये संदर्भ परिच्छेदाच्या स्टाइलवर चालतात, म्हणून तिथेही शीर्षकांना स्टाइल हवीच. पीडीएफ काढताना ‘हायपरलिंक्स’ आणि ‘बुकमार्क्स’ या दोन चौकटी टिक करायला विसरलात तर सगळी मेहनत फुकट.

गणित आणि विज्ञानाचे प्रबंध करणारे लेटेक वापरतात. तिथे लक्ष्यावर ‘लेबल’ लावायचं आणि मजकुरात ‘रेफ’ किंवा ‘पेजरेफ’ आज्ञेनं आकडा मागवायचा. क्लिक होण्यासाठी सेबास्टियन राट्झ यांनी सुरू केलेलं ‘हायपररेफ’ पॅकेज जोडायचं, आणि ते बहुतेक पॅकेजेसच्या शेवटी. ‘क्लेव्हररेफ’ वापरणार असाल तर ते मात्र हायपररेफच्याही नंतर. देवनागरीसाठी झीलेटेक किंवा ल्युआलेटेकनं फाइल चालवा. आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका, फाइल पुन्हा एकदा चालवा : पहिल्या फेरीत लेबलं जोडफाइलमध्ये नोंदली जातात, दुसऱ्या फेरीत तिथून वाचली जातात. दुसऱ्यांदाही प्रश्नचिन्हंच असतील तर लेबलाच्या नावात चूक आहे. आकृतीचं लेबल मथळ्याच्या आज्ञेनंतर लिहा. आधी लिहिलंत तर आकृतीचा नाही, त्या विभागाचा क्रमांक येतो. ‘ऑटोरेफ’ आज्ञा शब्दासकट आकडा देते, म्हणून मराठीत तिच्याऐवजी ‘रेफ’च बरी. अख्खा वाक्यांश क्लिक व्हायला हवा असेल तर ‘हायपररेफ’ याच नावाच्या आज्ञेत चौकटी कंसात लेबल आणि महिरपी कंसात आपले शब्द, सामान्यरूपासकट, लिहिता येतात. संदर्भांभोवती रंगीत चौकोन नको असतील तर ‘कलरलिंक्स’ हा पर्याय द्या.

पीडीएफ

रायटरमध्ये ‘फाइल’ → ‘एक्स्पोर्ट ॲज’ → ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’. पहिल्या पानावर ‘एक्स्पोर्ट आउटलाइन्स’ला टिक करा (जुन्या आवृत्तीत ‘एक्स्पोर्ट बुकमार्क्स’), म्हणजे डाव्या पट्टीत प्रकरणांची यादी येते. संदर्भ आणि तळटिपा आपोआप क्लिक होणाऱ्या होतात. एक करू नका : ‘प्रिंट’ दाबून पीडीएफ प्रिंटर निवडणं. छपाईच्या वाटेनं गेलेल्या फाइलमध्ये फक्त पानाचं चित्र उतरतं, दुवे गळून पडतात, आणि दिसायला दोन्ही पीडीएफ अगदी सारख्या असतात.

मग तपासणी. संगणकावर ॲक्रोबॅटमध्ये उघडून प्रत्येक प्रकरणातले एक-दोन संदर्भ दाबून पाहा. उडी मारून गेल्यावर परत येण्यासाठी ऑल्ट आणि डावा बाण. ही कळ वाचकांनाही प्रस्तावनेच्या खाली एका ओळीत सांगितली तर बरं. त्यानंतर फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि मोबाइलवर उघडून अंगठ्यानं दाबून पाहा. छोट्या आकड्यांचा त्रास होतोय का ते इथेच कळतं. जिथे होतो तिथे पानाचा संदर्भ कंसात वाढवा.

छापखान्यासाठी वेगळी पीडीएफ काढा. ‘संदर्भ’ स्टाइल काळी करा, ‘अपडेट ऑल’ करा, फाइलच्या नावात ‘छपाई’ घाला आणि वाटपाची निळी प्रत वेगळ्या नावानं ठेवा.